आत्या, डबा बिघडलेला नाही

ती. स्व. आत्यास,


तुझा डबा बिघडलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर उद्या सकाळी तू रिक्षा करून दुकानात जाशील आणि त्या पोराला फैलावर घेशील. फाईल १९२ ची, म्हणजे सेकंदाला १९२ हजार नमुन्यांची, संगणक नवा, डॅकच्या (आकड्यांचा आवाज करणाऱ्या तुझ्या त्या डब्याच्या) खोक्यावर ३८४ पर्यंतचे आकडे छापलेले, आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर मात्र काहीही लावलं तरी ४८ च. तुझी तक्रार खरी आहे. पण त्यात डॅकचा दोष नाही आणि फाईलचाही नाही. ती विंडोजची जुनी खोड आहे.

फोनवर समजवायला गेलं की तू मधेच 'जेवलास का' विचारतेस, म्हणून लिहितोय. आणि लिहितोच आहे तर छापायलाही देतोय, कारण रेकॉर्डी आणि कॅसेटी जिवापाड जपलेल्या तुझ्या वयाच्या कितीतरी लोकांच्या घरी सध्या हेच चाललंय. मुलं परदेशातून डॅक पाठवतात, कुणीतरी पेनड्राइव्हवर 'हाय-रेझ' गाणी भरून देतं आणि मग आकड्यांचा जाच सुरू होतो.

संगणकातून एकाच वेळी बऱ्याच गोष्टी आवाज करत असतात: गाणं, मेल आल्याची टिंग, व्हिडिओ कॉलची घंटी. विंडोज हे सगळं आधी एकत्र मिसळतं आणि मग डॅककडे पाठवतं. मिसळायचं तर सगळ्यांचं माप एकच हवं, आणि ते माप बहुतेक वेळा ४८ हजार असं ठरलेलं असतं. मिरज जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते तेव्हाच्या गोष्टी तू आतोबांच्या तोंडून ऐकल्या असशील. एका रुंदीच्या वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या रुंदीच्या वाघिणीत भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. इथेही तेच होतं. १९२ ची फाईल येवो की सीडीवरची ४४.१ ची, माल उतरतो, ४८ च्या वाघिणीत चढतो आणि मगच तुझ्या डब्यापर्यंत पोचतो. डबा बिचारा जे आलं ते प्रामाणिकपणे दाखवतो.

यातून वाट आहे आणि ती फुकट आहे. 'फूबार २०००' नावाचा गाणी वाजवायचा प्रोग्राम उतरवून घे. दिसायला अगदीच रुक्ष आहे, पण २००२ पासून चालू आहे आणि कामाचा आहे. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅक, त्याखाली आउटपुट, तिथल्या यादीत तुझ्या डॅकचं नाव दोनदा दिसेल. ज्या नावापुढे कंसात 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलंय ते निवड. विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. ती वापरली की मिसळण्याचं खातं बाजूला राहतं आणि प्रोग्राम थेट डॅकशी बोलतो. १९२ ची फाईल लावलीस की १९२ दिसेल, सीडी लावलीस की ४४.१. शिवाय बागेश्री रंगात आलेला असताना मेलची टिंग मधे घुसणार नाही. माझ्या मते या सोयीचा सगळ्यात मोठा फायदा तोच. वेगळा ड्रायव्हर शोधायची गरज बहुधा पडणार नाही. असे डबे थेट ओळखायची सोय विंडोज १० मध्ये २०१७ साली आली.

आता पुढचा प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण विचारशीलच. पडद्यावर १९२ दिसल्यावर गाणं जास्त चांगलं ऐकू येईल का?

हा ४४.१ आकडा मुळात कुठून आला ते आधी सांगतो. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओची टेप वापरत. चित्राच्या एकेका ओळीत आवाजाचे तीन नमुने बसवायचे. साठ हर्ट्झच्या पद्धतीत कामाच्या ओळी २४५, पन्नासच्या पद्धतीत २९४. साठ गुणिले २४५ गुणिले तीन, किंवा पन्नास गुणिले २९४ गुणिले तीन, दोन्हीकडून उत्तर ४४,१००. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. दिसायला विचित्र, पण काम चोख. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांनी घालून दिलेला नियम असा की सेकंदाला जितके नमुने घ्याल, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पुरतीच्या पुरती परत मिळवता येतात. 'बरीचशी' नाही, पुरती. जाहिरातीत सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची आणि हाय-रेझची गुळगुळीत दाखवतात ना, ते चित्र खोटं आहे. डॅकमधून बाहेर पडणारी लहर दोन्हीकडे गुळगुळीतच असते. फरक असतो तो किती उंचावरची कंपनं येतात एवढ्यातच.

तुझ्याच तंबोऱ्यावर हिशोब करू. तुझा सा काळी पाचचा, म्हणजे सेकंदाला साधारण २३३ कंपनं. जोडीच्या तारेतून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वयंभू स्वर निघत जातात, आणि जवारी चांगली लागली असेल तर ते झगमगत वर चढतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. एरवीच्या तारेला जिथे छेडाल तिथे ज्यांची गाठ असते ते स्वर निघायला नकोत, पण तंबोऱ्याच्या घोडीमुळे ते निघतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढणाऱ्यांच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं. असो. ४४.१ ची सीडी २२,०५० कंपनांपर्यंत जाते, म्हणजे तुझ्या सा चे पहिले चौऱ्याण्णव स्वयंभू स्वर तिच्यात बसतात. चाळिसावा जेमतेम ९,३०० वर आहे. सत्तरीत बहुतेकांचं दहा-बारा हजारांच्या वरचं ऐकणं क्षीण झालेलं असतं. माझंही पन्नाशीत फार बरं नाही. तंबोरा लागला की नाही हे तुला खोलीबाहेरूनही कळतं, पण ते कळतं त्या जागा सगळ्या याच्या पुष्कळ खाली आहेत. १९२ ची फाईल ९६ हजारांपर्यंतची कंपनं घेऊन येते. त्यातली वरची तीन-चतुर्थांशाहून जास्त वटवाघळांना ऐकू येतील.

बिटचंही तसंच. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या, २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. ऐकून डोकं गरगरतं. पण एका बिटमागे साधारण सहा डेसिबल मिळतात, म्हणजे सीडीच्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर राहू शकतं. रात्री दारं-खिडक्या लावून पंखा बंद केलास तरी तुझ्या खोलीत तीसेक डेसिबलची गुणगुण असतेच. त्या गुणगुणीच्या वर ९६ डेसिबल चढवलेस तर कान दुखतील आणि वरच्या मजल्यावरचे खाली येतील.

यावर चाचण्याही झाल्या आहेत. २००७ साली ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एकदा सरळ आणि एकदा मधे ४४.१-१६ च्या यंत्रातून फिरवून लोकांना ऐकवला, कोणता कोणता हे न सांगता. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचे बारा हजारांहून जास्त निकाल एकत्र केले. त्यांना बरोबर उत्तरं ५२.३ टक्के दिसली, आणि आधी सराव करून घेतलेल्या ऐकणाऱ्यांत हे प्रमाण वाढलेलं दिसलं. तेव्हा 'काडीचा फरक नाही' असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फरक असलाच तर तो इतका नाजूक आहे की त्यासाठी पेन्शनमधले पैसे घालू नयेत, एवढंच म्हणतो. गंमत म्हणजे फ्लॅक हा फाईलचा जो प्रकार तू सगळीकडे पाहतेस, तो सांभाळणाऱ्या झिफ संस्थेचे संस्थापक ख्रिस माँटगोमेरी यांनीच २०१२ मध्ये १९२ च्या फाईली ऐकण्यासाठी निरर्थक आहेत असं सविस्तर लिहिलं. उलट त्या न ऐकू येणाऱ्या कंपनांनी अँप्लिफायर किंवा स्पीकर गडबडला तर त्याचा कचरा ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सांडतो, असा त्यांचा मुद्दा होता.

तुला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. तुझ्या १९२ च्या फाईलवरून मी ४४.१ ची एक करून पाठवतो. फूबारला एबीएक्सचा एक जोड मिळतो; तो कोणती फाईल वाजतेय ते लपवून तुला ओळखायला लावतो आणि हिशोबही ठेवतो. दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा हवा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो आणि दुकानातले लोक नेमके याच्यावर जगतात.

मग एखादी हाय-रेझ फाईल सीडीपेक्षा सरस लागते, असं तुला वाटलं तो सगळा भ्रम का? नाही. बऱ्याचदा ती खरंच सरस असते, पण आकड्यांमुळे नाही. ती वेगळ्या टेपवरून, वेगळ्या माणसाने, जास्त काळजीने तयार केलेली असते. उलटही होतं. जुनी मैफल नव्याने काढताना आवाज सगळा दाबून मोठा केला की तबल्याची थाप आणि तानेची सुरुवात एकाच उंचीवर येतात, आणि मग ती फाईल १९२ ची असो की ३८४ ची, ऐकताना दमायला होतं. काही महाभाग तर सीडीवरूनच आकडे फुगवून 'हाय-रेझ' विकतात. ऑडॅसिटीत फाईल उघडून स्पेक्ट्रोग्राम बघ. बावीस हजारांवर कात्रीने कापल्यासारखी रेघ आणि वर नुसता काळोख दिसला तर ती सीडीच आहे, फक्त जास्त जागा खाणारी. आणि जागा खाते म्हणजे किती? १९२-२४ चा एक तास न आवळता ४ जीबीच्या वर जातो; सीडीचा तास ६३५ एमबीत मावतो. फ्लॅक केलं की दोन्ही निम्म्याच्या आसपास येतात, आणि त्यात आवाजातलं काहीही हरवत नाही. एमपी३ सारखी काटछाट त्यात नसते.

दुकानदाराने सुचवलेली महागडी यूएसबी वायर घेऊ नकोस. त्या वायरीतून आकडे जातात, आणि ते साध्या वायरीतूनही तसेच्या तसे जातात. तुला स्पीकरमधून जी घुंऽऽ ऐकू येते, तिचा मात्र इलाज कर. ती पन्नास हर्ट्झच्या विजेची गुणगुण आहे, पांढरी पाचपेक्षा किंचित वर, म्हणून तुझ्या काळी पाचला ती जास्तच टोचत असणार. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघ. गुणगुण गेली तर घोळ अर्थिंगचा आहे. वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनला खरंच अर्थ आहे का ते आधी तपासून घे, आणि लॅपटॉप नि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लाव. पैसे खर्च करायचेच तर स्पीकरवर कर. स्पीकर भिंतीला चिकटवू नकोस, आणि समोरच्या फरशीवर ती जाड सतरंजी टाक. ४४.१ आणि १९२ मधल्या फरकापेक्षा हा फरक तुला दुसऱ्या खोलीतूनही कळेल.

इतकं सगळं लिहिल्यावर तुला वाटेल, हा हाय-रेझच्या विरोधात आहे. तसं नाही. माझं पोट आवाजाच्या संकलनावर चालतं, आणि रेकॉर्ड करताना मी २४ बिटच्या खाली उतरत नाही. ऐकण्यासाठी जे उगाच आहे तेच साठवण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी लाखमोलाचं आहे. आणि तुझ्या घरात तसं काम पडून आहे. ट्रंकेत.

बाईंच्या, म्हणजे तुझ्या गुरूंच्या, घरगुती बैठकींच्या त्या कॅसेटी, आत्या. बाजारातली कुठलीही १९२ ची फाईल पुन्हा उतरवता येईल. त्या कॅसेटींची दुसरी प्रत जगात नाही. टेप म्हातारी होते, आतली स्पंजची गादी गळून पडते, आणि चांगला डेक दुरुस्त करणारा माणूस आता गावात शोधावा लागतो. या कामाला ९६-२४ हे माप घ्यायचं. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा जुन्या टेपांसाठी निदान ४८-२४ सांगते, आणि मोठे संग्रह बहुतेक ९६ वापरतात. कारण साधं आहे. बाई कुठल्या तानेला आवाज एकदम मोकळा सोडतील हे यंत्राला आधी कळत नाही. १६ बिटमध्ये पातळी वर ठेवावी लागते, आणि मग नेमकी ती तान फाटते. २४ मध्ये वर बारा-पंधरा डेसिबल मोकळी सोडली तरी खालचं काही बुडत नाही. आणि टिकटिक, खरखर पुढे काढायची झाली तर जास्त नमुन्यांत ती मूळ आवाजापासून नीट वेगळी ओळखता येते. १९२ इथेही नको. कॅसेटीच्या फितीवर तेवढं काही नसतंच.

यासाठी तुझा डॅक कामाचा नाही. तो आकड्यांचा आवाज करतो, आपल्याला आवाजाचे आकडे करायचे आहेत. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात डेकची वायर घालू नकोस, तिथे सगळं फाटून येईल. मी माझा इंटरफेस घेऊन येतो. तोपर्यंत तू एवढंच कर: प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून ठेव, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर सुटतील. कुठे अडली, कुरकुरली, तर तिथेच थांब आणि तिच्यावर खूण कर. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आहे, पण ते मी आल्यावर.

तुझ्या कानांची खरी गरज पुढे लागणार आहे. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो, आणि मुळात जी कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या कोनाशी तो जुळला नाही तर वरचे स्वर मातीत जातात. प्रत्येक कॅसेटला तो नव्याने जुळवावा लागतो. सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असतो, ती जागा आपण पुन्हा पुन्हा लावू, मी स्क्रू किंचित किंचित फिरवीन आणि मागची जवारी खुलली की तू 'हं' म्हणायचं. यंत्राच्या काट्यापेक्षा तुझं 'हं' मी जास्त मानीन. दुसरं काम पट्टीचं. बॅटरीवर चाललेला रेकॉर्डर बैठक लांबली की मंदावत जाई, त्यामुळे आज वाजवताना बाई अर्ध्या स्वराने वर सरकलेल्या ऐकू येतात. त्या काळी चारमध्ये गायच्या हे तुला ठाऊक आहे, सॉफ्टवेअरला नाही. मूळ फाईल जशी येईल तशीच ठेवू. पट्टी सुधारायची ती तिच्या प्रतीवर. फ्लॅक केलं की फाईलच्या पोटात मूळ आवाजाचा एक आकडी ठसा राहतो, आणि दहा वर्षांनी एखादा बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तपासताना तो पकडता येतो. एक प्रत तुझ्याकडे, एक माझ्याकडे पुण्यात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला न आवळता तीन जीबी लागतील. पूर्ण ट्रंक एका डिस्कवर मावेल.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्या तुम्ही मिरजकर अजून जीव टाकून ऐकता. तीन-सव्वातीन मिनिटं, मागे खरखर, वरचे स्वर जवळपास नाहीतच. पण राग कुठला, कंपनी कुठली, हे तबकडीच्या पोटावर छापलेलं असतं. तुझ्या कॅसेटींवर निळ्या शाईत नुसतं 'बाई - गणपती' किंवा 'बाई - सकाळी' एवढंच आहे. कुठे झालं, कोणत्या वर्षी, राग कोणता, साथीला कोण, हे फाईलला जोडून ठेवायची जागा फ्लॅकमध्ये आहे. भरायची माहिती मात्र तुझ्याकडेच आहे. तेव्हा मी येईपर्यंत एका वहीत कॅसेटवार लिहायला घे. आठवणार नाही तिथे प्रश्नचिन्ह घाल, उगाच अंदाज लिहू नकोस. तुझ्या गुरुभगिनींनाही फोन करून विचार. पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार धरून येतो. इंटरफेस, वायरी आणि रिकामी डिस्क माझ्याकडून. डेक आणि जेवण तुझ्याकडून.

आणि 'सकाळी' लिहिलेल्या त्या कॅसेटीत, ललत संपताना बाई ज्याला 'वा बेटा' म्हणतात, तो तबल्यावरचा मुलगा कोण होता गं?

तुझा भाचा